शॅमेलिऑनच्या पिंजऱ्यात मनी प्लांट आणि क्रोटन लावले तर चालतील का?

मनी प्लांट चालेल, क्रोटन आणू नका.

तुम्ही न्यू जर्सीत राहता, व्हेल्ड जातीच्या शॅमेलिऑनचं (रंग बदलणाऱ्या सरड्याचं) पिल्लू आणलंय आणि दोन बाय दोन बाय चार फुटांचा जाळीचा पिंजरा आहे असं लिहिलंय, म्हणून त्या हिशेबाने सांगते. (भारतात बसून कोणी वाचत असेल तर: आपल्या रानातला शॅमेलिऑन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. कुंपणावर दिसला तर मनसोक्त बघा, घरी आणू नका.)

व्हेल्ड हा मूळचा येमेन आणि सौदी अरेबियाचा. किडे खातोच, पण पानंही खातो. मादागास्करचा पँथर शॅमेलिऑन झाडाला सहसा तोंड लावत नाही. व्हेल्ड मात्र एखाद्या आठवड्यात फांदी बोडकी करून ठेवतो. त्यामुळे पिंजऱ्यात जे लावाल ते त्याच्या पोटात जाणार असं धरूनच चाला. क्रोटनचा चीक त्रासदायक असतो. डिफेनबेकिया, कण्हेर, घाणेरी आणि अझेलिया यांचाही विचार नको. फायकस बेंजामिना बरेच जण लावतात, पण त्यालाही चीक असतो, म्हणून मी टाळते.

माझी पहिली पसंती शेफ्लेरा, म्हणजे दुकानात 'अम्ब्रेला प्लांट' म्हणून मिळतं ते बुटकं झाड. खोड टणक असतं, फांद्या वजन पेलतात आणि रुंद पानांवर पाण्याचे थेंब टिकून राहतात. हे थेंब महत्त्वाचे, कारण शॅमेलिऑन वाटीतलं पाणी सहसा पीतच नाही, पानावरचे थेंब चाटतो. मनी प्लांट त्याच कामाचा. वर टांगून खाली सोडला की आडोसाही होतो. पण त्याच्या वेलीवर चढता येईल अशी आशा ठेवू नका, फांद्या वेगळ्या आडव्या बांधाव्याच लागतात.

आता तुम्ही इंटरनेटवर शोधाल आणि शेफ्लेरा, मनी प्लांट दोन्ही विषारी झाडांच्या यादीत सापडतील. त्या याद्या बहुतेक कुत्र्या-मांजरांसाठी केलेल्या असतात. दोन्हींत कॅल्शियम ऑक्झलेटचे टोकदार स्फटिक असतात हे खरंच आहे. तरी व्हेल्ड पाळणारे ही झाडं वर्षानुवर्षं लावत आलेत आणि जनावरं ती कुरतडूनही ठणठणीत असतात. मला चालतात. तुमच्या मनाला पटत नसेल तर जास्वंद लावा. पानं-फुलं दोन्ही तो आवडीने खातो, विशेषतः फुलं. अडचण एवढीच की जास्वंदीला ऊन लागतं आणि तिकडच्या हिवाळ्यात ते मिळत नाही. दोन कुंड्या ठेवा, एक पिंजऱ्यात, एक दक्षिणेच्या खिडकीत, आणि अधूनमधून अदलाबदल करा.

झाडाच्या जातीवर लोक तासन्‌तास वाद घालतात आणि कुंडीकडे कोणी बघत नाही, याचं मला नवल वाटतं. नर्सरीतल्या मातीत पर्लाइटचे पांढरे दाणे असतात, खताच्या गोळ्या असतात. किडा टिपायला जीभ मारली की त्याबरोबर हेही तोंडात जातं, आणि आतड्यात अडकलं तर थेट डॉक्टरच गाठावा लागतो. म्हणून झाड आणल्यावर मुळांची माती झटकून, धुऊन, खत नसलेल्या साध्या मातीत पुन्हा लावा. वर त्याच्या तोंडात मावणार नाहीत एवढे मोठे गुळगुळीत दगड पसरा. दगडांखाली रातकिडे लपतात, तेव्हा खायला सोडलेले उरलेसुरले किडे रात्री आत राहू देऊ नका. उपाशी रातकिडा झोपलेल्या शॅमेलिऑनला चावतो.

पानं सौम्य साबणाच्या पाण्याने दोन्ही बाजूंनी पुसून भरपूर पाण्याने धुवा. चकाकी आणणारा फवारा मारलेला असेल तर तो याने निघेल, पण मुळांतून झाडात भिनलेलं कीटकनाशक धुऊन जात नाही. कोणतं औषध वापरलंय ते दुकानदाराला विचारा. त्याला सांगता येत नसेल तर ते झाड काही महिने बाहेर वाढवा आणि नवी पानं आल्यावरच आत घ्या. घाई असेल तर ओळखीच्या कोणाच्या घरातल्या, औषध न मारलेल्या मनी प्लांटची कांडी मागून आणा. पाण्यात मुळं फुटतात आणि पैसेही लागत नाहीत.

उष्णतेच्या दिव्याखाली कोणतंही झाड करपतं, तिथे नुसती काठी ठेवा. हिरवळ पिंजऱ्याच्या मधल्या भागात आणि मागे दाट हवी, इतकी की त्याला वाटलं तर तो तुमच्या नजरेआड होऊ शकेल. सुरुवातीला तो दिवसभर दिसला नाही तरी पानं बाजूला सारून शोधत बसू नका. आणि कुंडीखाली निचऱ्याचा ट्रे ठेवायला विसरू नका, रोजच्या फवारणीचं पाणी साचून फरशी खराब होते.