लाकडी खुर्चीचे पाय उन्हाळ्यात डगमगायला लागलेत, खिळे ठोकू का?

खिळे अजिबात नकोत. आपल्या जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, लाकूड सुकून आकसतं आणि सांधा सैल होतो. त्यात खिळा मारला की लाकूड तिथंच चिरतं.

डगमगणारा पाय हलक्या हाताने ओढून काढा. टोकावरचा, भोकातला जुना फेविकॉल पार खरवडा, वर पॉलिश पेपर मारा. कंटाळवाणं काम आहे, पण खरी मजबुती इथेच येते, कारण जुन्या थरावर नवा फेविकॉल धरत नाही. फट मोठी असेल तर लाकडाची पातळ ढलपी चिकटवून भरा. मग फेविकॉल लावून पाय बसवा, चारही पायांभोवती सुतळीचे वेढे घ्या आणि त्यात काठी अडकवून पीळ देत आवळा. सपाट फरशीवर चारही पाय टेकतात ना, हे ओलं असतानाच बघा. २४ तास कुणाला बसू देऊ नका, आणि वाळवायला उन्हात तर मुळीच ठेवू नका.