गिफ्ट मिळतं म्हणून रक्त दिलं तर ते दान म्हणायचं का?

तुमचं म्हणणं असं की शिबिरात हेल्मेट, टिफिन, ट्रॉली बॅग मिळते म्हणून लोक रांग लावतात, मग ते रक्तदान कसलं.

माझ्या मते दानच. मी कॉलेजपासून रक्त देतोय पण नुसत्या समाजसेवेच्या भावनेने एकदा तरी दिलं असेल का शंकाच आहे. पहिल्यांदा गेलो कारण सगळा ग्रुप गेला होता आणि नसतो गेलो तर वर्षभर फट्टू म्हणून चिडवलं असतं. ऑफिसात शिबिर असलं की कामातून तेवढीच सुटका, वर कॉफी-बिस्किटं, हिमोग्लोबिन फुकटात चेक होतं ते वेगळंच, आणि खरं सांगायचं तर हातातला तो मऊ बॉल दाबत पडलेलं असताना आपण काहीतरी भारी करतोय असं जे वाटतं ना तेही मला हवंच असतं, स्टेटसला फोटो पण टाकतो. ज्याला ते रक्त चढतं त्याला माझ्या स्टेटसशी काय घेणंदेणं?

पण एका ठिकाणी हेतूने फरक पडतो, आणि तो पाप-पुण्याचा नाही, सरळ मेडिकल आहे. आधी फॉर्म भरून घेतात बघा, कावीळ झालेली का, टॅटू काढलाय का, गोळ्या चालू आहेत का, शेवटचं कधी दिलं (पुरुषांना 3 महिने, बायकांना 4 महिने गॅप लागतो). नंतर एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया या टेस्ट होतातच, पण इन्फेक्शन अगदी ताजं असेल तर टेस्टमध्ये सापडत नाही, त्याला विंडो पिरियड म्हणतात. तिथे देणारा खरं बोलला तरच उपयोग. आमच्याकडच्या रांगेत एकाला त्याचा मित्र म्हणत होता अरे तू आत्ताच तर दिलंयस, तर हा म्हणे "गप रे, हेल्मेट संपतील!"

सुप्रीम कोर्टाने 1996 मध्ये निकाल देऊन पैसे घेऊन रक्त देणं बंद करायला लावलं, 1 जानेवारी 1998 पासून ते बंद झालं, त्यामागे हीच भीती होती. बिस्किटाच्या पुड्यासाठी कोणी कावीळ लपवत नाही, ट्रॉली बॅगसाठी लपवेल.

आयोजकांचं तर विचारूच नका. साहेबांच्या वाढदिवसाला एका दिवसात पिशव्यांचा ढीग, बॅनरवर आकडा, पण लाल पेशी फार तर 35 ते 42 दिवस टिकतात आणि प्लेटलेट्स जेमतेम 5. मे महिन्यात कॉलेजं बंद, लोक गावाला, ब्लड बँका टंचाई टंचाई म्हणून ओरडतात आणि साहेब जन्मलेले असतात डिसेंबरात!

तेव्हा हेल्मेट बिनधास्त घ्या, फक्त फॉर्मवर थापा मारू नका. मे महिन्यात मात्र थेट ब्लड बँकेतच जा, गिफ्ट नसलं तरी बऱ्याच ठिकाणी एसी असतो.