इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरीला पहिल्यांदा निघालात?
आधी एक सांगतो: तो गाजलेला संगीत महोत्सव गावात नाही, जवळच्या पिल्टन गावातल्या शेतात भरतो. त्या दिवसांत जाणं टाळाच. रेल्वे स्टेशन १९६६ सालीच बंद झालं, तेव्हा ब्रिस्टलहून बस धरा. टॉर टेकडी जेमतेम १५८ मीटरची, पण माथ्यावर वारा उभं राहू देत नाही. जॅकेट हवंच. चॅलिस वेल या झऱ्याच्या बागेत सिंहमुखातून पाणी पडतं, ते चाखा: लोहामुळे गंजकट लागतं, खालचे दगडही तांबूस झालेत. अ‍ॅबीत, म्हणजे जुन्या मठाच्या अवशेषांत, दंतकथेतल्या आर्थर राजाची कबर दाखवतात. ११८४च्या आगीत मठ जळाला, पैशांची चणचण आली आणि ११९१मध्ये नेमकी कबर सापडली. आता काय ते समजा! तरी त्या भग्न कमानींखाली तासभर बसाच. हाय स्ट्रीटवरच्या स्फटिकांच्या दुकानांत मात्र खिसा सांभाळा.