अग्निशमन दलातल्या नव्या जवानांना शिकवायला घेताय? आधी एवढंच

पहिल्या महिन्यात काय काय शिकवू, असं विचारलंत. फार थोडं शिकवा, पण तेच पुन्हा पुन्हा. छोट्या दलात माणसं पोटापाण्याचं काम सांभाळून येतात. आठ विषय कोंबलेत तर एकही हातात बसणार नाही.

सुरुवात श्वसनसंचापासून, म्हणजे धुरात श्वास घेता यावा म्हणून घालायचा मास्क आणि हवेचं सिलिंडर. मास्क चेहऱ्यावर घट्ट बसला का, हे ज्याचं त्याने दरवेळी तपासायचं. दाढी असेल तर हवा गळतेच, तिथे भीड ठेवू नका. नंतर हातमोजे घालून, डोळे झाकून संच चढवायला लावा. ३० मिनिटांचं म्हणून मिळणारं सिलिंडर धावपळीत तेवढं पुरत नाही. हे नुसतं सांगून पटत नाही. पूर्ण गणवेशात जिने चढायला लावा, मग दाबाचा काटा दाखवा. चेहरे बघण्यासारखे होतात!

होज (पाण्याचा पाइप) पसरणं, गुंडाळणं, नोझल (त्याचं तोंड) सावकाश उघडणं-मिटणं हे त्यानंतर. शिडीचं एकच सूत्र पुरे: चार फूट उंचीला पाया एक फूट बाहेर.

नवे प्रशिक्षक हमखास चुकतात ते इथे:

- उत्साहाच्या भरात लगेच खरी आग पेटवणं. आधी कोरडा सराव.
- आत एकट्याला पाठवणं. सरावातही जोडीनेच, आणि बाहेर दोघं तयार.
- चपळ मुलाच्याच हाती सतत नोझल देणं. बाकीचे बघे होतात.

पंपाच्या दाबाचं गणित आणि धूर बाहेर काढण्याचे प्रकार सध्या बाजूला ठेवा. शंका आली की विचारा, बिनधास्त.