शेपटी टेकल्यावर हात कुठे होता?

तुमचं टेलव्हील (तिसरं चाक शेपटीखाली असलेलं) विमान उतरल्यावर धावपट्टीवरच गर्रकन फिरलं, त्यावर खाली सगळ्यांनी ‘रडर (शेपटीवरची, पायानं हलवायची, नाक डावी-उजवीकडे वळवणारी फळी) कमी पडला’ हेच धरून ठेवलंय. मला मात्र तुमच्या पोस्टमधलं एक वाक्य टोचलं: ‘तिन्ही चाकांवर छान बसलं, फ्लॅप वर घेत होतो, तेवढ्यात डावीकडे गर्रकन फिरलं.’ (फ्लॅप म्हणजे उतरताना पंखांमागून खाली सोडतात त्या पट्ट्या.) सात वर्षांपूर्वी इकडे टेक्सासात मी हुबेहूब हेच केलंय. वारा तसाच डावीकडून, तुम्हाला ८ नॉट, मला १०. पंखाचं टोकही उजवंच घासलं. विमान विकून टाकू का, असं विचारताय म्हणून जरा लांबण लावतो. मी इन्स्ट्रक्टर नाही, तुमचा असेल तो सांगेल तेच खरं.

टेलव्हील विमानाचा गुरुत्वमध्य पुढच्या मुख्य चाकांच्या मागे असतो, म्हणून फिरू लागलेलं विमान आणखीच फिरतं, वगैरे तुम्हाला पाठ असणारच. ते सोडतो.

माझे १४० तास सेसना १७२ वर, म्हणजे नाकाखाली चाक असलेल्या विमानावर गेलेले. तिथे उतरल्या उतरल्या फ्लॅप वर घ्यायची हाताला खोड लागलेली. आमच्या सिटाब्रियाची (हे टेलव्हील विमान) शेपटी टेकली, मनात आलं ‘सुटलो’, आणि हात थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा दांडा) सोडून फ्लॅपच्या दांड्याकडे गेला. हातामागे नजर गेली. दुसऱ्या हातातली स्टिक (विमान उचलायचा-कलवायचा दांडा) खरं तर पोटाशी ओढलेली आणि वाऱ्याच्या बाजूला दाबलेली हवी होती, ती सैल पडून मधे आली. म्हणजे शेपटीच्या चाकावरचा भार गेला आणि डावा पंख वाऱ्याला मोकळा मिळाला. मान वर केली तर नाकासमोर रनवेच्या कडेचा दिवा! उजवा रडर पूर्ण दाबला, पण त्या वेगाला रडरवर हवाच उरलेली नसते. जुन्या सिटाब्रियाचे ब्रेक टाचेचे. टाच ब्रेकवर सापडेपर्यंत उजवं चाक पायासकट दुमडलं आणि प्रोपेलरनं गवत कापलं.

वेग उतरतो तसा वाऱ्याच्या बाजूला एलेरॉन (पंखांच्या टोकांकडच्या, स्टिकनं हलणाऱ्या पट्ट्या) वाढवत न्यायचा असतो. स्टिक डावीकडे दिली की उजवा एलेरॉन खाली जातो आणि त्याचा ओढा नाकाला उजवीकडे खेचतो. ही फुकटची मदत मी स्वतःच्या हातानं घालवली.

माझे एक मामा फ्लाइंग क्लबात पुष्पकवर शिकलेले. (हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं पुष्पक एरोंका चीफच्या धर्तीचं, म्हणजे सिटाब्रियाचं चुलत भावंडच.) फोनवर सगळं ऐकून म्हणाले, “अरे, बैल गोठ्यात बांधायच्या आधी कासरा कशाला सोडलास?”

पण खिसा खरा कापला तो कागदानं. टेलव्हील उडवायच्या परवानगीची इन्स्ट्रक्टरची सही लागते; तिच्यासाठी एफएएची (अमेरिकेच्या विमान नियामकाची) तासांची किमान अट नाही, इन्स्ट्रक्टरची खात्री पटली की झालं. आमच्या विम्याच्या पॉलिसीत मात्र त्या मॉडेलवर इन्स्ट्रक्टरसोबत १० तास अशी एक ओळ होती. माझे ८.४. एजंट फोनवर म्हणाला होता, ‘सही झाली ना, मग उडवा.’ क्लेमच्या ऑफिसनं ‘फोनवरचं धरत नाही’ म्हणून हात वर केले. चार महिने मेल टाकत होतो, दर वेळी नवीन माणूस, दर वेळी लॉगबुकची तीच पानं पुन्हा स्कॅन करून पाठवा! प्रोपेलर आपटला की लायकमिंग इंजिन उघडून तपासावंच लागतं, तेही आमच्याच गळ्यात. विमानात तिघांची भागीदारी होती. त्यातला एक आजही माझ्याशी कामापुरतंच बोलतो. चूक माझीच, पॉलिसी मी वाचली नव्हती. तरी त्या ऑफिसचं नाव निघालं की अजून डोकं फिरतं.

विकण्याबद्दल माझं मत: इतक्यात नको. एखाद्या वाऱ्याच्या दिवशी इन्स्ट्रक्टरला घेऊन नुसतं टॅक्सी करा, म्हणजे जमिनीवरच चालवत फिरा, तासभर, स्टिक प्रत्येक वळणावर वाऱ्याप्रमाणे हलवत. लोक हसतात, हसू द्या. फ्लॅपच्या दांड्याला मी लाल चिकटपट्टी गुंडाळलीय, इंजिन बंद होईपर्यंत हात लावत नाही. काही जण आखूड धावपट्टी असेल तर फ्लॅप लगेच घ्या म्हणतात. घेत असतील, मी घेत नाही.

आणि हो, शेपटीच्या चाकाच्या स्प्रिंगा कुणी पाहिल्या का? आमची एक ताणून सैल झालेली निघाली. तुमच्या चाकाचा बाजूनं एक फोटो टाका.