मुलाच्या एका डोळ्याला मायनस १, दुसऱ्याला मायनस ५ नंबर आहे. चष्म्याविना वाचतो, तरी चष्मा लागेल का?

दादा, लागेल. दोन्ही डोळ्यांचा पूर्ण नंबराचा आणि दिवसभर. तुम्ही लिहिलंय, मुलगा सात वर्षांचा आहे, चष्म्याविना धडाधड वाचतो आणि चष्मेवाला डाव्या डोळ्याचा नंबर कमी करून देतो म्हणतो. मुलगा वाचतो ते उजव्या डोळ्याच्या जिवावर. डावा बाजूला पडलाय, हे त्याला स्वतःलाही कळत नसणार.

आमच्या पोरीचं असंच झालं. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं खेडं, तुरीची मळणी चाललेली, तिच्या उजव्या डोळ्यात कुटार गेलं. मी तो डोळा पदराने झाकला, तर पोरगी दाराची कडी हाताने चाचपडायला लागली. सहा वर्षांची होती. डावा मायनस ६ निघाला. तोवर "नीट बघून चाल" म्हणून मी तिच्यावर ओरडत होते, ते आठवलं की अजून जीव तुटतो.

लहानपणी एका डोळ्यातून धूसरच चित्र जात राहिलं, तर मेंदू त्या डोळ्याने बघायला शिकतच नाही. डॉक्टर याला लेझी आय म्हणतात. मग मोठेपणी लेझर करून नंबर जाईल, पण राहिलेलं हे शिकणं भरून निघत नाही. सात-आठ वर्षांपर्यंत सुधारणा चांगली होते, पुढेही होते पण कमी. म्हणून कापूस विकल्यावर बघू, असं करू नका.

काचांतला एवढा फरक मोठ्या माणसांना जड जातो. लहान मुलं सहसा थोड्या दिवसांत सरावतात. नंबर मात्र डोळ्यांच्या डॉक्टरांकडून औषध टाकूनच काढा. नुसत्या कॉम्प्युटरवर मूल डोळ्याला ताण देतं आणि मायनस जास्त येतो. जाड काचेकडे चष्मा कलतो, मागून इलॅस्टिक लावून घ्या.

आधी चार महिने नुसता चष्मा होता, त्यानेच तपासणीच्या तक्त्यावर तिच्या दोन ओळी वाढल्या. मग चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी. ती चष्म्याच्या आत, थेट कातडीला चिकटवायची. काचेवर कापड लावलं तर पोरं कडेने बघतात. पट्टी लावून मी तिला तांदळातले खडे निवडायला बसवायची. पहिला आठवडा रडण्यातच गेला. उन्हाळ्यात घामाने पट्टी सुटते, म्हणून आम्ही सकाळीच उरकायचो. किती तास ते डॉक्टरच ठरवतील, कारण अति झाली तर चांगला डोळाही अधू होऊ शकतो. आता दीड वर्ष झालं. खालच्या दोन ओळी अजून जमत नाहीत, पण उजवा झाकून फळ्यावरचं वाचते.

शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं, तर एकेक डोळा झाकून तपासा असं आवर्जून सांगा. धाकटं भावंड असेल तर त्याचेही डोळे दाखवा.

आम्ही वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या दवाखान्यात जातो. पहिल्या गाडीने निघा, औषध टाकल्यावर बाहुली मोठी व्हायला वेळ लागतो. मुलासाठी टोपी न्या, परतताना त्याला ऊन सहन होत नाही.