ऑस्ट्रेलियात सापडलेला ४० सेंटिमीटरचा काडीकिडा ही नवीनच प्रजाती आहे, हे कशावरून ठरवलं?

मुख्यतः अंड्यांवरून. ॲक्रोफिला आल्टा असं नाव दिलेली ही प्रजाती जुलै २०२५ मध्ये झूटॅक्सा या नियतकालिकात रीतसर वर्णन होऊन जाहीर झाली. काडीकिड्यांचं शरीर फसवं असतं: एकाच प्रजातीत रंग आणि आकार बदलतात, आणि जवळच्या प्रजाती मात्र दिसायला सारख्या असतात. अंडं बियांएवढंच असतं, पण त्याचा आकार, कवचावरचे खड्डे आणि खरखर, वरच्या टोपणाची घडण हे सगळं प्रजातीगणिक वेगळं असतं. म्हणून या गटात अंड्याचा पुरावा बराच वजनदार ठरतो. नुसतं वेगळेपण दाखवून भागत नाही. नाव मान्य व्हायला एक ठरावीक मूळ नमुना संग्रहालयात ठेवावा लागतो, म्हणजे पुढे कुणालाही शंका आली तर तो काढून ताडून पाहता येतो.

ही प्रजाती क्वीन्सलंडच्या ॲथर्टन पठारावर, उंचावरच्या वर्षावनात, झाडांच्या शेंड्याकडे राहते. इतके दिवस नजरेतून सुटली त्याचं कारण बहुधा तेच.

एक मात्र लक्षात घ्या: वर्णन मादीवरूनच झालंय. काडीकिड्यांचे नर मादीपेक्षा लहान, सडपातळ आणि इतके निराळे असतात की पूर्वी काही नरांची नोंद वेगळी प्रजाती म्हणूनच झालेली आहे. शिवाय ४४ ग्रॅम वजनामुळे हा नवा काडीकिडा ऑस्ट्रेलियातला सर्वांत जड कीटक ‘असावा’ एवढंच संशोधक म्हणतात.